थोरली एक बोट उंच

ब्राह्मणपाऱ्यात शालिग्राम भुसारींचं घर कुणी विचारलं, तर कोपऱ्यावरचा पानठेलेवाला घराचा नंबर सांगत नाही. ‘जिनके यहाँ मटका ऊपर-नीचे होता है’ एवढंच म्हणतो, आणि विचारणारा बरोबर दारात येऊन उभा राहतो.

माठ खरंच वर-खाली होतो. त्याच्या तिवईच्या मधल्या दांड्याला आटे आहेत. खालचं चाक फिरवलं की उंच पाहुण्याला वाकावं लागत नाही आणि लहान लेकराला टाचा उचलाव्या लागत नाहीत. मात्र कधी कधी चाकाला कुणी हात न लावताही माठाला खाली यावंसं वाटतं, आणि मग तो मध्ये कुठे थांबत नाही. अशा वेळी भुसारींच्या पत्नी शारदाबाई एक अक्षर बोलत नाहीत. पोछा आणतात आणि नवऱ्याकडे बघत बघत फरशी पुसतात. बोलल्या असत्या तर स्वस्तात सुटलो असतो, असं भुसारींना दर वेळी वाटतं.

माणूस तसा गरीब स्वभावाचा. खोड एकच, की जगातली प्रत्येक वस्तू चुकीच्या उंचीवर आहे असं त्यांचं ठाम मत. याला कारण आहे. भुसारींची स्वतःची उंची पाच फुटांपाशी येऊन थांबली ती कायमची. वडील हिंगणघाटहून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले, मुलगा इथेच जन्मला, इथेच शिकला, आणि मागच्या बाकावरून फळा कसा दिसतो हे त्याला शाळा संपेपर्यंत कळलं नाही. पुढे सिंचन खात्यात बाबू म्हणून लागले, तर तिथल्या भिंतीवरच्या खुंट्या एका ताडमाड चपराशाने स्वतःच्या हिशेबाने ठोकलेल्या. भुसारींचा डबा शेजारच्या टेबलावरचे तिवारीजी रोज सकाळी टांगत आणि दुपारी काढून देत. एका शनिवारी तिवारीजी डबा टांगून अर्ध्या दिवसाच्या रजेवर निघून गेले. दुसऱ्या कुणाला सांगायची भुसारींना लाज वाटली, आणि खुर्च्या सगळ्या चाकांच्या. वर डबा लोंबतो आहे आणि खाली भुसारी त्याच्याकडे बघत पाणी पिताहेत, अशी ती दुपार गेली. सोमवारी ते ऑफिसात आले ते दोन पट्ट्यांवर सरकणारी खुंट्यांची फळी काखेत घेऊनच.

तिथून जे सुटले ते सुटलेच. घरात टीव्ही वर-खाली व्हायला लागला, आरसा व्हायला लागला, देवघराची घंटासुद्धा झाली. त्यांची एकुलती एक मुलगी देवश्री, हिच्या अभ्यासाचं टेबल दरवर्षी तिच्याबरोबर वाढत गेलं आणि बारावीच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी एकदम पहिलीत जाऊन बसलं. तेव्हा शारदाबाईंनी सीमा आखली. दोन ठिकाणी नवऱ्याचं चाक चालणार नाही. एक, स्वयंपाकघर. दोन, महालक्ष्म्या.

भाद्रपदात विदर्भातल्या घरांत येतात तशा भुसारींकडेही महालक्ष्म्या येतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, म्हणजे थोरली आणि धाकटी. मुखवटे पितळेचे, वर्षभर पेटीत असतात. अंग मात्र दरवर्षी नव्याने उभं करावं लागतं. पत्र्याच्या कोठीवर दुसरी कोठी, तिच्यावर पाट, पाटावर पालथा डबा, आणि या सगळ्याला नऊवारी नेसवायची. निऱ्या जुळल्या की खांदा घसरतो, खांदा सावरला की निऱ्या उडतात. टाचण्या, चिमटे, सुतळी, शेवटी नाड्या. एका वर्षी ऐन आरतीत धाकटी हळूहळू थोरलीच्या खांद्यावर कलली. आलेल्या बायकांनी बहिणी-बहिणींच्या प्रेमाचं फार कौतुक केलं. शारदाबाई मात्र आरती संपेपर्यंत धाकटीच्या पाठीमागे तिची कंबर धरून उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी भुसारी डोळे बारीक करून कोठ्यांकडे बघत राहिले, आणि ते डोळे बघून शारदाबाईंनी आधीच सांगून टाकलं, की नाही म्हणजे नाही.

निवृत्तीनंतर भुसारींना वेळच वेळ. स्कूटर काढायची आणि भनपुरीत दिवाकर वेल्डरकडे जाऊन बसायचं. दिवाकर प्रत्येक गोष्टीला ‘हव भैया’ म्हणे आणि करताना आपल्या मनासारखं करी, त्यामुळे एक सांगाडा उभा राहायला बराच काळ लागला. पण राहिला. जड पायावर एक जाड पाइप, त्याच्या आत दुसरा बारीक पाइप. पायाजवळचं हँडल फिरवलं की आतला पाइप आट्यांवरून हळू वर येतो. बाहेरच्या पाइपला कमरेशी खुंट्या, निऱ्या अडकवायला. आतल्या पाइपला वर खुंट्या, खांदा आणि पदर धरायला. गंमत सगळी एवढ्यातच होती. उंची वाढवली तर खांदे वर जातात आणि कंबर जागेवर राहते. पदर पाठीवरून थोडा वर सरकतो आणि निऱ्या जमिनीवरून हलत नाहीत. दोन सांगाडे झाले. भुसारींनी घरी आणून एकाला चादर नेसवली, हँडल फिरवलं, आणि शारदाबाई दारातून बघत होत्या हे ठाऊक असूनही मुद्दाम मागे वळून पाहिलं नाही.

पेटंटचं खूळ देवश्रीचं. ती नव्या रायपुरात नवउद्योगांना अर्ज भरून देणाऱ्या एका संस्थेत कामाला. बापाशी मराठीत भांडते आणि बाकी सगळं हिंदीत बोलते. तिने आकृत्या काढून घेतल्या, अर्ज टाकला, आणि वर नाव दिलं ‘अॅडजस्टेबल सपोर्ट फ्रेम विथ पेग अटॅचमेंट्स’. शारदाबाईंनी विचारलं की एवढ्या लांब नावात महालक्ष्मी कुठे आहे. देवश्री म्हणाली, मुद्दाम नाही घातली, नाव जितकं मोघम तितका हक्क मोठा. शारदाबाईंना हे काही पटलं नाही. देवीचं नाव न घेता देवीचं काम काढलं की विघ्न येतंच, असं त्यांनी बजावून ठेवलं.

विघ्न तपासणी अहवालाच्या रूपाने आलं. परीक्षकाने लिहिलं होतं, यात नवीन काही दिसत नाही. पाइपात पाइप जगाला ठाऊक आहे, खुंटी जगाला ठाऊक आहे, ठाऊक वस्तू शेजारी-शेजारी ठेवल्या म्हणजे शोध होत नाही. पुराव्यादाखल तीन जुने परदेशी कागद जोडले होते. एक कोट टांगायचा खांब, एक शिंप्याचा पुतळा आणि एक बागेतलं बुजगावणं.

देवश्रीने हे वाचून दाखवताना शेवटचा शब्द गिळायचा प्रयत्न केला, पण शारदाबाईंच्या कानांनी तो बरोबर पकडला.

“माह्या महालक्ष्मीले बुजगावणं म्हणून राहिले?” त्यांनी हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली.

महालक्ष्मीला नाही म्हटलं, अर्जात महालक्ष्मी नाहीच, हे देवश्रीने समजावलं, आणि आपण काय बोलून बसलो ते आईच्या चेहऱ्यावरून तिच्या ध्यानात आलं.

भुसारींना मात्र त्या तीन कागदांनी वेडच लावलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचले, भिंगातून वाचले. कोटाचा खांब करणारा तो परदेशी गृहस्थही बुटका असावा, असा त्यांनी आकृतीवरून अंदाज बांधला, आणि त्याच्याविषयी एकदम आपुलकीने बोलू लागले. देवश्रीने लांबलचक उत्तर धाडलं. त्यानंतर बरेच दिवस काहीच आलं नाही.

इकडे यंदा शारदाबाईंच्या गुडघ्यांनी त्यांचा पक्ष सोडला. कोठ्यांवर चढणं-उतरणं होईना. शेवटी त्यांनी नवऱ्याला बोलावून करार सांगितला. या वर्षी तुमच्या सांगाड्यावर उभ्या करते. सरकार हो म्हणालं तर दरवर्षी. नाही म्हणालं, तर पुढच्या वर्षी कोठ्या परत येतील आणि सांगाडे दिवाकरच्या भंगारात जातील, मग त्यावर कधी बोलायचं नाही. आणि करार पक्का आहे हे दिसावं म्हणून त्यांनी कोठ्या घासूनपुसून मागच्या व्हरांड्यात उलट्या घालून ठेवल्या. भुसारी सकाळी दात घासायला गेले की त्या चमकायच्या.

म्हणून जेव्हा सुनावणीची नोटीस आली, तेव्हा घरात खरी धाकधूक सुरू झाली. व्हिडिओवर सुनावणी, पेटंटचा निकाल देणाऱ्या कंट्रोलर मॅडमसमोर, सकाळी साडेअकराला. भुसारींनी तारीख पाहिली आणि निश्चिंतपणे म्हणाले, महालक्ष्म्या झाल्यानंतरची आहे. गेल्या वर्षीची तारीख त्यांनी डोक्यात धरून ठेवली होती. महालक्ष्म्या नक्षत्रावर येतात, अनुराधेला येतात, ज्येष्ठेला जेवतात आणि मुळावर जातात, हे ज्या माणसाने आयुष्यभर घरात पाहिलं, त्याने सरकारी बाबूसारखी तारीख धरली. शारदाबाईंनी तिथी काढली तोवर मुदत वाढवून मागायची वेळ निघून गेली होती. सुनावणी पडली होती ती नेमकी पूजेच्या दिवशी.

“बाबा, डेमो कैसे देंगे?” देवश्रीने विचारलं. “दोन्ही फ्रेम तर बिझी आहेत.”

भुसारी म्हणाले, आकृत्या दाखवू. पण त्यांचा आवाज पाच फुटांच्याही खाली गेला होता.

आवाहन थाटात झालं. पेटीतून मुखवटे निघाले, दारातून महालक्ष्म्या पावलांवरून आत आल्या, सांगाड्यांवर बसल्या. साड्या नेसवायला एरवी अख्खी दुपार लागायची, या वेळी चहा निवायच्या आत निऱ्या खुंट्यांवर बसल्या. शारदाबाईंनी एक खुंटी उगाचच बोटाने चाचपून पाहिली. भुसारींनी ते पाहिलं आणि जन्माचं सार्थक झाल्यासारखे सोफ्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभनपूरहून ममताताई आल्या. ममताताई म्हणजे भुसारींची मोठी बहीण, भावाहून चांगली उंच, आणि कुणाचंही कौतुक करण्याआधी त्यातली खोट शोधून ठेवणारी बाई. त्यांनी हात-पाय धुतले, हळदीकुंकू वाहिलं, दोन पावलं मागे सरकल्या आणि मान तिरपी केली.

“काहून वं शारदा, धाकटी थोरलीच्या वर कशी गेली?”

भुसारींच्या घरची रीत अशी, की थोरली धाकटीहून एक बोट उंच हवी. आणि आता धाकटी चांगली दोन बोटं वर दिसत होती. भुसारींनी दोन्ही पाइप मोजून सारखे केले होते आणि थोरलीचा बोटभर वर घेतला होता. पण मुखवटे आवाहनाआधी पेटीबाहेर निघत नाहीत, म्हणून ते मोजलेच नव्हते. धाकटीचा जुना मुखवटा चेपला म्हणून मागे कधी नागपुराहून नवा घडवून आणला होता, त्याची मान लांब. शारदाबाईंच्या सासूबाई होत्या तेव्हा त्या थोरलीच्या डब्याखाली गुपचूप एक वीट सरकवत. ती वीट शारदाबाईही दरवर्षी न विसरता ठेवत आल्या होत्या. या वर्षी कोठ्याच नाहीत, तर वीट कुठे ठेवणार, म्हणून ती अंगणातच राहिली.

आणि एकदा बसलेल्या महालक्ष्म्या विसर्जनापर्यंत हलवत नाहीत. भुसारींनी हँडलकडे पाहिलं. शारदाबाईंनी भुसारींकडे पाहिलं, पोछ्याच्या वेळी बघतात तसं. मग त्या सोळा भाज्या चिरायला आत निघून गेल्या. ममताताईंनी भावाला हळूच सांगितलं, शालू, कोठ्या बऱ्या होत्या.

साडेअकरा वाजले. वायफाय बैठकीतच पकडतं, आणि महालक्ष्म्याही बैठकीतच, म्हणून देवश्रीने लॅपटॉप असा ठेवला की मागे नुसती भिंत दिसावी. ठेवला अर्थातच बाबांच्या वर-खाली होणाऱ्या टेबलावर. भुसारी इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पडद्यावर कंट्रोलर मॅडम आल्या. चष्मा, नीटनेटका अंबाडा, आवाज शांत आणि कामापुरता. त्यांनी आक्षेप वाचले. देवश्रीने मुद्दे मांडले. मॅडमनी कोटाच्या खांबाची आकृती उघडली आणि विचारलं की यात आणि तुमच्यात फरक काय. देवश्री आकृती क्रमांक सांगू लागली, मॅडम टिपून घेऊ लागल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर फरक पडल्याचं काही दिसेना.

नेमकं तेव्हा टेबलाला खाली यावंसं वाटलं.

ते हळूहळू आलं, अगदी सभ्यपणे. पडद्यावरच्या भुसारींचे आधी डोळे वर गेले, मग मिशा. मॅडम थांबल्या.

“भुसारीजी, आप ऊपर क्यों जा रहे हैं?”

भुसारी टेबल धरायला वाकले तसा लॅपटॉप कलंडून मागे रेलला आणि कॅमेऱ्याचं तोंड वळलं. मॅडमचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी विचारलं की मागे या दोन महिला कोण उभ्या आहेत, सुनावणीला हजर राहणाऱ्यांत यांची नावं दिलेली नाहीत.

ममताताई पदराआड हसल्या. भुसारींनी घाम पुसला आणि खरं ते सांगून टाकलं, “मैडम, वही तो फ्रेम है।”

मॅडम पडद्याच्या जवळ आल्या. नेसवलेल्या साड्या, निऱ्या, दागिने, वर टांगलेल्या करंज्या, सगळं त्यांनी नीट पाहिलं. मग पेन उचललं आणि नेमका प्रश्न विचारला. साडी नेसवलेली असताना, ती न सोडता उंची बदलता येते का? आणि येत असेल तर आत्ता दाखवता येईल का?

येते, हे भुसारींना पक्कं ठाऊक होतं. हँडल चार हातांवर होतं. अर्ज, वर्ष-दीड वर्षाची धावपळ, व्हरांड्यातल्या कोठ्या, सगळं त्या हँडलवर आलं होतं. त्यांनी ‘हो’ म्हटलं तर घरची रीत मोडते आणि ‘नाही’ म्हटलं तर सांगाडा. त्यांनी मॅडमना सांगितलं की आज पूजा आहे, बसलेल्या देवीला हलवत नाहीत, आपण माफी मागतो. मॅडम म्हणाल्या, समजू शकते. आणि कागद उलटला.

स्वयंपाकघराच्या दारात शारदाबाई उभ्या होत्या. हात पुसत पुढे आल्या, थोरलीसमोर थांबल्या, आणि आधी ममताताईंशी बोलल्या, कारण बैठकीत खऱ्या कंट्रोलर त्याच होत्या.

“ताई, हिले उचलाचं नाही, सरकवाचं नाही. धाकटीले खाली आणाचं तर मुळीच नाही. थोरलीच बसल्या जागी आपल्या मनानं वर होत असन, तर होऊ द्या. हिलेच विचारते मी.”

त्यांनी ताटातलं शेवंतीचं एक फूल घेतलं आणि थोरलीच्या मुकुटावर अलगद टेकवलं. फूल पडलं तर देवीची मर्जी नाही, तिथेच थांबायचं. राहिलं तर राहिलं. ममताताईंनी होकारार्थी मान हलवली.

भुसारी उठू लागले तर शारदाबाईंनी त्यांना डोळ्यांनीच बसवलं. पूजा मांडल्यावर सोवळ्यातल्या बाईशिवाय महालक्ष्मीला कुणी शिवत नाही. त्या स्वतः दुखरा गुडघा टेकून खाली बसल्या आणि हँडल हातात घेतलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या कुठल्याही चाकाला त्यांनी आपणहून हात लावला नव्हता.

“कोणीकडे फिरवू?”

“उजवीकडे,” भुसारी म्हणाले.

हँडल फिरलं. थोरली वर येऊ लागली, इतकी हळू की ती आली असं आधी कुणाला वाटलंच नाही. फूल थरथरलं आणि राहिलं. खांदे वर गेले, पाठीवरचा पदर तीन बोटं सरकला. मॅडमनी निऱ्या दाखवायला सांगितल्या. देवश्रीने लॅपटॉप छातीशी धरून जमिनीजवळ नेला. निऱ्या जिथे टेकल्या होत्या तिथेच होत्या, एक चुणी इकडची तिकडे नाही. मॅडमनी विचारलं, कोटाच्या खांबालाही असंच चाक आहे, तोही वर जातो, मग?

आता भुसारींच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. त्या परदेशी गृहस्थाविषयी पूर्ण आदर ठेवून ते म्हणाले, “मैडम, उनकी सारी खूंटियाँ एक साथ ऊपर जाती हैं। कोट को तो लटकना ही है। साड़ी को कंधे पर भी रहना है और ज़मीन पर भी।”

मॅडमचं पेन थांबलं, मग भराभर चालू लागलं. त्यांनी देवश्रीला सांगितलं की हे जे आत्ता बोलले ते लेखी उत्तरात असंच हवं, आणि साडीचा उल्लेख अर्जातल्या दाव्यात आणा, हक्क थोडा लहान होईल पण उभा राहील. निकाल नंतर कळेल. सुनावणी संपवताना त्यांनी नमस्कार केला, आणि तो नमस्कार भुसारींच्या डोक्यावरून मागे गेला.

ममताताई दोन पावलं मागे सरकल्या, मान तिरपी केली, एक डोळा मिटून बोट आडवं धरलं.

“आता झाली थोरली,” त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढे जोडलं की आंबिलीत मीठ कमी असणार, गडबडीत राहतंच.

फूल विसर्जनापर्यंत मुकुटावर होतं.

निकाल दिवाळीनंतर आला. देवश्रीने ऑफिसातूनच फोन करून पेटंट मिळाल्याचं सांगितलं आणि पहिल्यांदा न भांडता सगळं वाक्य मराठीत बोलली. नव्या दाव्यात साडी होती, निऱ्या होत्या. महालक्ष्मी तरीही नव्हती, पण शारदाबाईंनी या वेळी ते चालवून घेतलं. व्हरांड्यातल्या कोठ्या ममताताई अभनपूरला घेऊन गेल्या. तांदूळ ठेवायला बऱ्या, म्हणाल्या. जाताना अंगणातली वीटही मागत होत्या, ती शारदाबाईंनी दिली नाही.

देवश्रीने प्रमाणपत्र छापून चौकटीत बसवून आणलं. भुसारींच्या डोक्यात आधीच एक सरकती पट्टी तयार होती. उंच पाहुण्यासाठी वर, लेकरांसाठी खाली. ते फूटपट्टी शोधायला आत गेले आणि परत येतात तर शारदाबाईंनी भिंतीत खिळा ठोकूनसुद्धा टाकलेला. भुसारींच्या बरोबर डोळ्यांसमोर, पाच फुटांच्या जरा खाली. त्यांनी चौकट स्वतः टांगली. ती काढायला तिवारीजींची गरज नव्हती.

भुसारींनी घसा साफ करून सुचवलं की बाकीच्या लोकांना वाकावं लागेल, एखादी पट्टी बसवली असती तर.

“ही खुंटी हलणार नाही,” शारदाबाई हातोडी ठेवत म्हणाल्या. “ज्याले वाचाचं असन तो वाकन.”

तेव्हापासून भुसारींकडे येणारा प्रत्येक जण बैठकीत शिरला की आधी वाकतो. स्वयंपाकघराची सीमा मात्र अजून तिथेच आहे.